गाळा सात, बर्गा तीन

मित्रांनो, दौंडला एका सरकारी कचेरीसमोर शंभूची चहाची टपरी आहे. टपरीबाहेर दोन दगडांवर एक जाडजूड फळी टाकलेली आहे, तीच मी. लोक मला बाकडं म्हणतात. म्हणोत बापडे. पण मी जन्मानं बाकडं नाही. भीमा नदीवरच्या एका बंधाऱ्याचा मी बर्गा आहे, सातव्या गाळ्यातला, खालून तिसरा. हा पत्ता माझ्या अंगावर कोरलेला आहे. तुम्हाला तो दिसणार नाही, कारण शंभूनं ती बाजू जमिनीकडे केली आहे. माझं सगळं दुःख त्या एवढ्याशा गोष्टीत आहे.

बर्गा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या शहरी मुलांना ठाऊक नसेल. नदीत ओळीनं दगडी खांब उभे करतात. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांना खाचा असतात आणि त्या खाचांत लाकडाच्या जाड फळ्या एकीवर एक सोडतात. त्या फळ्या म्हणजे बर्गे. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं. उन्हाळा सरत आला की ते काढून गोदामात ठेवायचे आणि नदीला वाट मोकळी करून द्यायची. आत आणि बाहेर, एवढंच आमचं काम, पण ते वेळेवर झालं पाहिजे.

माझा जन्म १९९३ सालचा. सुतारानं मला तासलं, डांबर पाजलं, छिन्नीनं '७/३' कोरलं आणि त्यात पांढरा रंग भरला. नंबर मिळाल्यावर मी असा काही ऐटीत होतो की विचारू नका. आमचा बंधारा दोन तालुक्यांच्या मधोमध होता. एक काठ शिरूरचा, दुसरा दौंडचा. पहिल्यांदा पाणी तुंबलं तेव्हा दोन्हीकडचे बागायतदार नारळ घेऊन आले. आम्हाला हळदकुंकू लावलं. एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

त्या गर्दीत रंगुबाई होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक खोल डोह आहे, त्या डोहाच्या मासळीवर तिचं भोयाचं घर चालत असे. नवरा गेल्यावर ती आणि मुलगा जाळं टाकत, आणि सून सुषमा मासळी घेऊन बाजाराला जाई. आम्हाला खाचेत सोडण्याआधी काठावर मांडून ठेवलं होतं. रंगुबाईनं माझ्यावर बोटांनी टकटक केलं.

"लाकूड कडक हाय," ती म्हणाली. "पर बाबांनो, मिरगाच्या आत बाहेर निघा. माझं पाव्हणं खालनं यायचं हायेत."

पाव्हणं म्हणजे चढणीचे मासे. नदीला नवं गढूळ पाणी आलं की खालच्या उजनी धरणाच्या फुगवट्यातून कोळीस, आंबळी, शिंगटा प्रवाहाच्या उलट वर निघतात. वरच्या डोहात, ओढ्याओहोळांत जाऊन अंडी घालतात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांना फक्त वाट मोकळी लागते.

पहिली काही वर्षं ती मोकळी असे. बंधाऱ्याचा चौकीदार चांगदेव हा भला माणूस. मे महिन्यात तो मजूर लावून आम्हाला एकूण एक बाहेर काढायचा. मी गोदामात पडून नदीचा आवाज ऐकायचो. रंगुबाईच्या काठावर सकाळी भाकरीचा धूर आणि हसण्याबोलण्याचा आवाज असायचा, त्यावरून मला कळायचं की पाव्हणे आले.

पुढं दोन्ही काठांना ऊस वाढला. पाणी कितीही अडवलं तरी पुरेना. आमच्या पायाशी गाळही साचत गेला. एका उन्हाळ्यात मजुरांनी वरचे बर्गे काढले आणि खालच्या तिघांना पहार लावली. आम्ही हललो नाही. गाळानं आम्हाला असं धरून ठेवलं होतं की हलायची सोय नव्हती. बंधाऱ्यावरच्या पुलावरून पाहणाऱ्याला बंधारा मोकळा दिसत होता. पाण्याखाली मात्र माणसाच्या कमरेएवढी भिंत तशीच उभी होती.

रंगुबाई चांगदेवकडे आली. "खालचे राहिलेत की रं."

"रुतल्यात, मावशी. चार माणसं लावली तरी निघंनात. आन् वरचे बागायतदार म्हणत्यात, ऱ्हाऊ द्या, तेवढंच पाणी."

"मग कागदावर काय लिव्हलंस?"

"बर्गे काढले म्हणून. काढलेच न्हवं का आपण?"

चांगदेव खोटं बोलत होता असं मला अजूनही वाटत नाही. त्यानं बर्गे काढले होते. फक्त सगळे काढले नव्हते. पुढच्या वर्षी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. नंतर आम्हाला कुणी पहारही लावली नाही.

मित्रांनो, त्या पहिल्या जूनमध्ये माझ्यावर काय गुदरलं ते कसं सांगू? नवं पाणी आलं आणि खालून मासे आले. आधी एक धडकला, मग दहा, मग सारखे. पाणी कमी असलं की भिंत आडवी येई. पाणी वाढलं की वरून धार अशी कोसळे की उडी मारलेला मासा मागं फेकला जाई. पोटात अंडी घेऊन ते पुन्हा यायचे, पुन्हा माझ्यावरच आपटायचे. मला बाजूला व्हायचं होतं हो. पण लाकडाला पाय नसतात. कुणी काढलं तर निघायचं, नाहीतर उभं राहायचं. मी उभा राहिलो. थोड्या दिवसांनी धडका थांबल्या आणि त्या थांबल्या तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

वर डोहात रंगुबाईचं जाळं रिकामं निघू लागलं. वर्षामागून वर्षं तेच. चिलापी तेवढी मिळे, तीही बोटाएवढी. रंगुबाईनं कचेऱ्यांची वाट धरली. शिरूरला गेली तर तिथले म्हणत, बंधाऱ्याचं दौंडकडे आहे. दौंडला गेली तर साहेब साइटवर गेलेले असत. आणि कधी भेटलेच तर म्हणत, बर्गे दरवर्षी काढले जातात, तशी नोंद आहे. ती नोंद बघायची म्हटलं तर ती म्हणे बाहेरच्या माणसाला दाखवायची नसते.

मग आला २००६ चा पूर. तसं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ज्या गाळानं मला इतकी वर्षं धरलं होतं, तोच पुरानं खरवडून नेला आणि मी खाचेतून सुटलो. सुटलो म्हणून आनंद झाला असता, पण आता सुटून काय उपयोग? चढणीचे दिवस केव्हाच सरले होते. गटांगळ्या खात मी दौंडला येऊन एका बाभळीला अडकलो. पूर ओसरल्यावर शंभू जळण गोळा करायला आला. त्यानं मला ओढून काढलं, गाळ पुसला, नंबर पाहिला आणि इकडंतिकडं बघितलं.

"सरकारी दिसतंय," तो स्वतःशीच म्हणाला. जळणाला तोडावं इतकं वाईट लाकूड नव्हतं आणि परत द्यावं तर चौकशी मागं लागायची. त्यानं मला टपरीवर नेलं आणि नंबर खाली करून दगडांवर टाकलं. माणूस वाईट नाही तो. फक्त सरकारी वस्तू घरात सापडली तर काय होतं, याची त्याला धास्ती आहे.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी माझ्यावर कुणीतरी येऊन बसलं. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. रंगुबाई होती, सोबत सुषमा. कायदा आता बदलला होता. मागेल त्याला सरकारी नोंद दाखवायची, असं ठरलं होतं. सुषमानं अर्ज लिहिला होता आणि आज त्याचं उत्तर मिळायचं होतं.

"एकदा का कागदावर आलं की खालचे राहत्यात, मग काढून मागता येतंय, आत्याबाई," सुषमा समजावत होती. "आता लोखंडी बर्गे घातल्यात. तेबी तसेच राहिले तर मासा कायमचा गेला."

थोड्या वेळानं कचेरीतले कारकून सोपानराव स्वतःच कागद घेऊन बाहेर आले, चहा सांगितला आणि दोघींशेजारी माझ्यावरच बसले. मनानं चांगले होते ते.

"घ्या मावशी, सहीशिक्क्यासकट. लपवायचं काय हाय त्यात?"

सुषमा वाचू लागली. "मे अखेर सर्व बर्गे काढून गोदामात जमा. सर्व गाळे मोकळे." तिनं पान उलटलं. पुढच्या सालालाही तेच वाक्य होतं, त्याच्या पुढच्याही. ज्या पुरात मी वाहून आलो, त्या सालालासुद्धा.

"आन् खालचे?" रंगुबाईनं विचारलं.

"खालचे, वरचे असा रकानाच न्हाई, मावशी. काढले का न्हाई, एवढंच भरायचं असतंय."

"मासं चढलं का न्हाई, त्याचा?"

"त्याचा कुठनं असायला?" सोपानराव ओशाळून म्हणाले.

"मग गोदाम दाखवा. जुने बर्गे मोजू."

"जुनी लाकडं लिलावात गेली, जळणाला. आता काय ऱ्हायलं न्हाई." सोपानराव तिच्याकडे वळले. "तुमच्याकडं एखादा बर्गा असंल तर बघा. पुरात वाहून आलेला, नंबर असलेला. गोदामात जमा असलेला बर्गा नदीत कसा वाहिला, हे सायबांना लिहून द्यावंच लागंल. मी सोता त्यांच्यापुढं ठेवीन."

मित्रांनो, मी तिथंच होतो. तिघांच्याही खाली होतो. मला ना तोंड, ना हात. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो आणि शंभूचा स्टोव्ह फरफरत होता.

शंभूचा चहा ओतणारा हात मात्र थांबला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

 बसल्या बसल्या रंगुबाईचा हात माझ्या कडेवरून फिरू लागला. मग तिनं बोटांचा वास घेतला.

"सुषमा, हे लाकूड पाण्यातलं हाय. नदीतलं. कुठनं आणलंस रं शंभू?"

शंभूनं एकदा सोपानरावांकडे पाहिलं. माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे लागलं होतं.

"मामाच्या घराचं तुळवट हाय, मावशी," तो म्हणाला. "जुनं घर पाडलं तवा आणलं."

"व्हय का," रंगुबाई म्हणाली आणि तिनं हात काढून घेतला.

सोपानरावांनी पोच पुढं केली. माहिती मिळाली, तक्रार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. कागद ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो माझ्यावरच ठेवला. रंगुबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. उठताना तोच अंगठा तिनं माझ्यावर टेकवून भार दिला. शंभूनं त्यांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी टपरी आवरताना त्यानं माझं एक टोक उचललं, वाकून नंबर पाहिला आणि मला पुन्हा होतं तसं ठेवलं.

आता रंगुबाईचा मुलगा कंपनीच्या बसनं रांजणगावला कामाला जातो. जाळं घराच्या आढ्याला टांगलं आहे, असं सुषमा कुणाला तरी सांगत होती. लोखंडी बर्ग्यांचेही खालचे थर पाण्यातच राहतात, हे मी याच टपरीवर ऐकलं. आणि दरवर्षी सर्व गाळे मोकळे असल्याची नोंद होते. ती नोंद आता कुणालाही बघायला मिळते.

माझ्या एका बाजूला माझा नंबर आहे आणि दुसऱ्या बाजूला रंगुबाईच्या अंगठ्याची निळी खूण. दोन्हींच्या मधे फक्त माझी जाडी आहे. खालून ओल लागून रंग सुटत चालला आहे, पण कोरलेलं अजून हाताला लागतं.

मित्रांनो, नदीला वाट मोकळी आहे असं कुणी सांगितलं, तर नुसतं पुलावरून बघू नका, पाण्यात उतरून बघा. आणि कधी दौंडला आलात तर चहा मागाहून घ्या, आधी मला उलटा करा. दोघे जण लागतील, मी जड आहे. रंगुबाई बाजाराच्या दिवशी येते आणि एसटीची वाट बघत माझ्यावर बसते. ती असताना केलंत तर फार बरं होईल.