झटका

"आलं... आलं बघा," म्हणत रंगुबाईने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली की पुढे काय होतं, हे बिभीषणला पाठ झालं होतं. तिच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत बसवलेली डबी तेवढ्या वेळात वीज गोळा करायची. त्याने तिच्या पाठीला हात लावला. तिचं अंग दवाखान्याच्या खाटेवर उसळलं आणि ती घामाने निथळत त्याच्या खांद्यावर पडली.

सकाळपासूनची ही तिसरी वेळ होती.

कर्जतच्या त्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुकन्या लगोलग आल्या. तिला तपासून झाल्यावर त्यांनी बिभीषणला बाहेर नेलं.

"काका, डबी तिचं काम बरोबर करतेय. ठोके भरकटले की ती आतल्या कपॅसिटरमध्ये वीज भरते आणि एका दमात हृदयात सोडते. याआधीही तिनंच काकूंना दोनदा माघारी आणलंय. पण आता हृदयच थकलंय. ठोके सारखे भरकटणार आणि डबी सारखा झटका देणार. औषधं देऊन झाली."

बिभीषणची पिठाची गिरणी होती. लाईट गेल्यावरही मोटरीचा कंडेन्सर वीज धरून बसतो, हे त्याला एकदा चुकून हात लागला तेव्हा कळलं होतं. दंड दिवसभर बधिर होता. आपली बायको तसला तडाखा थेट काळजावर घेते, हा विचार तो नेहमी बाजूला सारायचा.

"मंग?"

"झटका बंद करता येतो. त्यानं जीव लगेच जात नाही. पण पुढं ठोके भरकटले, तर माघारी आणायला काही नसेल. काकू शुद्धीत आहेत. त्यांना विचारू."

"नगं. तिला इचारू नका," बिभीषण म्हणाला. "दुसरी येखांदी गोळी असंल, बघा की."

तो आत आला तेव्हा रंगुबाई त्याच्याकडेच पाहत होती.

"काय म्हनत्यात?"

"काय न्हाई. गोळी बदलत्यात."

"खोटं बोलताना तुमी कान खाजवता."

त्याने हात खाली घेतला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"मराया मी भ्येत न्हाई. पर अंधारी आल्यावर ती वाट बघावी लागती ना, आता बसंल, मंग बसंल... त्यानं जीव नकोसा झालाय. डोळा लागायचं बी भ्या वाटतंय."

"आन तू गेलीस तर?"

"कवातरी जायाचंच हाय. पर असा मार खात नगं."

बिभीषण उठला. दारात जाऊन त्याने हाक मारली, "बाई, बंद करा ते."

डॉक्टरांनी बांगडीएवढा गोल लोहचुंबक आणला आणि डबीवर चिकटपट्टीने बसवला. हा आहे तोवर झटका बसणार नाही, उद्या डबीच्या कंपनीचा माणूस येऊन तो कायमचा बंद करेल, असं त्यांनी सांगितलं.

दुपारी तिला पुन्हा अंधारी आली. दोघंही श्वास रोखून बसले. काहीच झालं नाही. अंधारी आपसूक ओसरली. रंगुबाईने एक डोळा उघडला.

"बसला न्हाई," ती म्हणाली आणि हसली. मग दिवे लागेपर्यंत गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी झटका कायमचा बंद झाला. घरी आल्यावर ती गिरणीच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागली. चढ चढायचं बळ नव्हतं, पण आवाज शाबूत होता. "जवारी निवडून आना गं, खडं हायेत," असं गिऱ्हाइकांना बजावायची.

एका सकाळी ती उन्हात घराच्या पायरीवर बसली होती. "डोक्याचा पार कोष्टा झालाय. मोनिकाला बोलवा."

मोनिका म्हणजे सून. ती आत भाकरी थापत होती.

"ऱ्हाऊ दे तिला. मी घालतो येनी."

"तुमी?"

बिभीषण फणी आणि तेल घेऊन तिच्या मागच्या पायरीवर बसला. गुंता सोडवला, केसांचे तीन पेड केले.

"असं न्हाई. कडंचा पेड मदी घ्या. हां. आता दुसऱ्या कडंचा."

थोड्या वेळाने तिचं डोकं हळूच त्याच्या गुडघ्यावर टेकलं. त्याला वाटलं, ऊन खातेय. मग ते डोकं जड झालं.

"रंगे?"

त्याने तिच्या नाकापुढे हात धरला. आत भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता.

वेणी अर्धी झाली होती. बिभीषणने कडेचा पेड उचलून मध्ये घेतला, मग दुसऱ्या कडेचा. शेवटापर्यंत वेणी घातली, टोकाला रिबीन बांधली आणि मग सुनेला हाक मारली.