नाव न सांगणाऱ्या माणसाचा माईक

मित्रांनो, कॅनडातल्या थंडर बेहून आलेले ते पत्र सगळा हिवाळा माझ्या पायाखाली होते. माझी बैठक गोल, लोखंडी आणि चांगली जड आहे. पत्र आले त्या दिवशी आयनार मोएन यांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि मला उचलून ते माझ्याखाली सरकवून ठेवले. मग पुढच्या भागाचे टिपण काढून ते काहीच घडले नसल्यासारखे बोलू लागले. त्या पत्राला उत्तर गेले नाही.

मी एक जुना माईक आहे. मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे ऐकले आणि पुढे पोचवले. स्वतःविषयी चार वाक्ये सलग सांगता येतील की नाही, याची मलाच शंका आहे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यातला. माझ्यासमोर पहिल्यांदा जी बाई बोलली, तिचे काम नव्या माईकची परीक्षा घेण्याचे होते. तिने एक, दोन, तीन म्हटले आणि जांभई दिली. मी जगात ऐकलेली पहिली गोष्ट ती जांभई. ती मी इतकी स्वच्छ पोचवली, की तिच्या शेजारणीलाही जांभई आली. मी पास झालो.

तिथून मी सुपिरिअर सरोवराच्या काठावरच्या बर्च पॉइंट या गावी आलो. शाळेच्या बर्फाच्या मैदानावर हॉकीचे सामने होत आणि गोल कुणी केला हे मी सांगत असे. माझ्या जाळीला डाव्या बाजूला पोचा आहे, तो रबरी चकती लागून पडलेला. त्या काळी माझे कौतुक होते. आपल्या मुलाचे नाव सगळ्या मैदानावर घुमले, की बाप मंडळी जाता जाता माझ्या डोक्यावर थाप मारून जात. एकदाच नेहमीचा माणूस आजारी पडला आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाला माझ्यासमोर उभे केले गेले. त्याने गोल करणाऱ्याचे नाव इतक्या हळू सांगितले, की तो मुलगा स्वतः धावत येऊन विचारू लागला, ‘सर, कुणी मारला?’ ते शिक्षक म्हणजे आयनार मोएन.

पुढे मैदानाला नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. तिथे माझ्या शेजारी नाताळच्या नाटकातले देवदूताचे पंख होते. त्यांना वर्षातून एकदा तरी बाहेर काढत. मला कुणी काढले नाही. धूळ बसते तेव्हा आवाज होत नाही, मित्रांनो. आणि ज्याचे सगळे आयुष्य आवाजात गेले, त्याला ते फार लागते.

मला बाहेर काढले मार्लिसने. मार्लिस ही गावच्या वाचनालयाची प्रमुख, एके काळी मोएन सरांची विद्यार्थिनी. आता पन्नाशी ओलांडलेली असली तरी त्यांच्यासमोर पेन्सिल कानावरून काढून हातात धरते. सर निवृत्त झाले, एकटे राहत होते, दिवसेंदिवस कुणाशी बोलत नव्हते. पण काठावरच्या जुन्या कोळ्यांच्या कितीतरी गोष्टी त्यांनी ऐकून ठेवल्या होत्या. हेरिंग मासा कसा पकडायचा, बर्फ तडकण्याआधी कसा कण्हतो, वादळात होडीचे तोंड कुठे ठेवायचे. ती माणसे एकेक करून कमी होत होती. मार्लिसने वाचनालयाच्या मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या, माझी जाळी टूथब्रशने घासली, मला नवी तार जोडली आणि सरांना म्हणाली, की आठवड्यातून एकदा येऊन इथे बोलत जा, आपण त्याचा पॉडकास्ट करू.

सर येऊ लागले. त्या एका दिवशी ते दाढी करून येत, साबणाचा वास मला कळे. काठावरचा एखादा म्हातारा किंवा म्हातारी समोर बसे. शेजारच्या आइलीबाई कॉफी आणि रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या घेऊन येत. या आइलीबाई मूळच्या फिनलंडच्या घरातल्या, सरांच्या वयाच्या, जिभेला हाड नसलेल्या. बाकी आमच्या गावची माणसे कशी आहेत ते वड्यांवरून सांगतो. ताटलीतली शेवटची वडी कुणी घेत नाही. तिचा अर्धा भाग कापून घेतात. त्या अर्ध्याचाही पुढचा माणूस अर्धाच घेतो. शेवटी उरतो तो चुरा, आणि तोसुद्धा ताटलीत तसाच राहतो. सुरीचा तो लाजरा आवाज माझ्या प्रत्येक भागात आहे.

सरांचे बोलणे फार गोड होते. हे मी आपुलकीने म्हणतो असे नाही, मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत. पण ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. कारण उघड होते. कार्यक्रमाचे नाव होते ‘काही गोष्टी’. या नावाचे जगात ढीगभर कार्यक्रम असतील. भागांची नावे पहिला, दुसरा, तिसरा. माहितीच्या जागी लिहिले होते, ‘साध्या गप्पा. वेळ असल्यास.’ चित्राच्या जागी राखाडी पाण्याचा फोटो, त्यावर एक अक्षर नाही. आणि सगळ्यांत मोठी गंमत अशी, की एवढ्या भागांत सरांनी कार्यक्रमाचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. स्वतःचेही नाही. ते ‘बरं तर मग’ म्हणून सुरू करत आणि ‘असो, तुमचा वेळ घेतला’ म्हणून संपवत. आमच्याकडे आपले नाव आपणच घेणे म्हणजे शेवटची वडी अख्खी उचलणे.

हिवाळा सुरू होताना वाचनालयाच्या मंडळाने मार्लिसला सांगितले, की गावच्या कार्यालयाचे जुने कागद ठेवायला जागा लागते आहे. ऐकणारे वाढले नाहीत तर वसंतात सरोवरावरचा बर्फ फुटल्यावर मागची खोली कागदांना द्यावी लागेल. मार्लिसने ते सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, कागदांनाही जागा हवीच. त्यांचा आवाज नेहमीसारखा शांत होता. पण नंतर खोलीत एकटे असताना त्यांनी माझ्या पोच्यावरून बोट फिरवले आणि बराच वेळ ते तिथेच ठेवले.

मार्लिस गप्प बसणारी नव्हती. तिने सांगितले, लोक आपल्या मनातला प्रश्न शोधतात, ‘भाग सातवा’ कुणी शोधत नाही. मग सातव्या भागाचे नाव झाले ‘हेरिंगचं जाळं कसं बांधतात’, नवव्याचे ‘बर्फ फुटणार हे आवाजावरून कसं ओळखायचं’. चित्रावर होडी आली, मोठी ठळक अक्षरे आली. प्रत्येक भागाचे बोलणे तिने कागदावर उतरवून खाली जोडले, म्हणजे शोधणाऱ्याला शब्द सापडतील. कार्यक्रमाचे नाव तिने बदलून ठेवले, ‘सुपिरिअरकाठची माणसं’. सर म्हणाले, ‘जरा मोठं वाटतं गं ते.’ मार्लिस म्हणाली, ‘सरोवरच मोठं आहे सर, मी काय करू?’

थोडे ऐकणारे वाढले, फार नाही. मार्लिसचे म्हणणे होते, की फलकावर कितीही ठळक लिहिले तरी माणसे येतात ती दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून. डुलूथ शहरातल्या एका विणकामाच्या पॉडकास्टला ऐकणारे पुष्कळ होते. जाळे विणणेही विणकामच, म्हणून त्यांनी सरांना पाहुणे म्हणून बोलावले. सर आठवडाभर नीट जेवले नाहीत, पण गेले. तो भाग आला त्या दिवशी मार्लिस आणि आइलीबाई माझ्या खोलीत बसून ऐकत होत्या. सर गाठींविषयी छान बोलले. शेवटी तिथल्या बाईंनी विचारले, की आमच्या ऐकणाऱ्यांना तुमचा कार्यक्रम आवडेल, तो कुठे सापडेल?

मग सरांचा आवाज आला. ‘अं, ते काही एवढं विशेष नाही. तुमचाच कार्यक्रम छान आहे. आणि परतताना लोकांनी सांभाळून जावं, रस्त्यावर बर्फ आहे.’

आइलीबाईंनी कपाळावर हात मारला, तो आवाज मी ऐकला. मार्लिस हसता हसता रडकुंडीला आली. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘खोली गेली आपली.’

पुढच्या खेपेला सर आले तेव्हा मार्लिसने स्वतः त्यांना खुर्ची पुढे केली. आमच्याकडे रागावले की माणसे जास्त नम्र होतात. मार्लिसने दोनदा विचारले कॉफी गरम आहे ना. आइलीबाई मात्र फडके घेऊन टेबलावरचा चुरा पुसू लागल्या आणि पुसता पुसता त्यांनी मला उचलले.

पत्र तिथेच होते. त्यावर माझ्या बैठकीचा गोल उमटला होता. वर कॅनडाचे तिकीट, आणि पत्त्याच्या जागी ‘जाळ्यांविषयी बोलणारे गृहस्थ, वाचनालय, बर्च पॉइंट’. आइलीबाईंनी परवानगी विचारली नाही. त्यांनी ते मोठ्याने वाचले.

लिहिणारीचे नाव व्हर्ना पेल्तिए होते. तिचे वडील वृद्धाश्रमात असतात. त्यांनी आयुष्यभर सरोवराच्या वरच्या काठावर मासेमारी केली. आता ते कुणाशी बोलत नाहीत. एके दिवशी व्हर्नासमोरच तिथल्या परिचारिकेने त्यांना जेवण भरवताना फोनवर कुणाच्या तरी गप्पा लावल्या होत्या. जाळे तरंगते ठेवणारी बुचे कशी बांधायची ते चालले होते. अचानक म्हातारा हसला आणि म्हणाला, ‘एवढी जवळ बुचं बांधणारा मासे नाही, बर्फ पकडेल.’ कित्येक महिन्यांतले त्यांचे ते पहिले वाक्य. ती परिचारिका आता नोकरी सोडून गेली आहे. व्हर्नाने खूप शोधले, पण बोलणाऱ्याने ना आपले नाव सांगितले होते, ना कार्यक्रमाचे. फक्त बर्च पॉइंटच्या वाचनालयाचा उल्लेख तिच्या कानावर पडला होता. बाबा अजून खिडकीशी बसून बुचांविषयी पुटपुटतात. कृपा करून नाव कळवा, म्हणजे मी त्यांना पुन्हा ऐकवीन.

वाचून झाल्यावर आइलीबाईंनी पत्र टेबलावर ठेवले. ‘हे कधी आलं, आयनार?’

‘पानगळीत,’ सर म्हणाले.

‘आणि तू उत्तर दिलं नाहीस.’

‘लिहायला बसलो होतो. पुन्हा पुन्हा बसलो. पण काय लिहू? माझं नाव अमुक, माझा कार्यक्रम तमुक, ऐका? कसं दिसतं ते, आइली? शिवाय बुचं चुकलीच होती माझी.’

मी ऐकत होतो, सरांच्या श्वासाला किंचित शिट्टी होती.

‘गेल्या उन्हाळ्यात,’ आइलीबाई म्हणाल्या, ‘त्या गाडीवाल्यानं तुला धबधब्याचा रस्ता विचारला. तू काय केलंस?’

‘सांगितला.’

‘नुसता सांगितलास? त्याच्या नकाशावर खुणा केल्यास. कुठे वळायचं, कुठे वळायचं नाही, कुठल्या हॉटेलात पाय ठेवायचा नाही. शेवटी त्याच्या गाडीत बसून गेलास, आणि परत चालत आलास. तेव्हा नाही लाजलास.’

‘त्याला पत्ता हवा होता.’

‘मग हिला काय हवंय?’ आइलीबाईंनी पत्रावर बोट टेकले. ‘तुझं कौतुक मागतेय का ती? बापाला घेऊन उभी आहे बिचारी वळणावर, पत्ता विचारतेय. आणि तू खाली मान घालून पुढे निघालास.’

मग त्यांनी ताटलीतली शेवटची वडी उचलली. कापली नाही. अख्खी तोंडात घातली आणि चावता चावता म्हणाल्या, ‘बघ. आकाश पडलं का?’

सर हसले नाहीत. ते खुर्चीत सरळ बसले आणि मार्लिसला म्हणाले, ‘सुरू कर.’

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मोठमोठ्याने ओरडलेली नावे पुष्कळ आहेत. पण त्या सकाळी जे ऐकले, ते मी विसरणार नाही. सरांनी घसा साफ केला, ‘बरं तर मग’ म्हणाले, थांबले. मार्लिसने हात जोडल्यासारखे धरले असावेत, कारण तिच्या बांगडीचा बारीक आवाज झाला.

‘माझं नाव आयनार मोएन,’ सर म्हणाले. ‘तुम्ही ऐकताय तो कार्यक्रम, सुपिरिअरकाठची माणसं. बर्च पॉइंटच्या वाचनालयातून. कुणी शोधत असेल तर आम्ही इथे आहोत. आज आधी माझी एक चूक सांगतो. जाळ्याची बुचं मी फार जवळ बांधायला सांगितली होती. वरच्या काठावरच्या एका जाणत्या कोळ्यानं ती चूक पकडली.’

खोलीचे काय झाले ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. डुलूथच्या बाईंनी सरांचे नाव आणि पत्ता पुढच्या भागात स्वतः सांगितला. काठावरच्या गावांतून, मग दूरदूरहून ऐकणारे येऊ लागले. मंडळाने खोली पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवली. कागद तळघरात गेले. त्यापुढचे मला ठाऊक नाही आणि मी त्याची काळजी करत नाही. करतो, पण थोडी.

मी आता थकलो आहे. थंडीत माझ्या तारेतून खरखर येते. तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखे कुणी कपाटात पडले असेल, तर त्याची धूळ पुसा आणि त्याच्यासमोर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बसवा. कुणाचे बोलणे आवडले, तर त्याचे नाव आणखी एकाला सांगा. तो स्वतः सांगेलच असे नाही. आणि तुमच्याकडे कुणाला उपयोगी पडेल असे काही असेल, तर ते कुठे सापडेल हे न लाजता सांगून ठेवा. कोण कुठल्या वळणावर उभे असेल, आपल्याला काय कळते.

पण मला सांगायची होती ती त्याच सकाळची गोष्ट. भाग संपला, तसे सर माझ्याजवळच लिहायला बसले. पेन कागदावर अजिबात थांबले नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतःशी पुटपुटत वाचले, म्हणून मला कळले. सुरुवातीलाच नाव होते, मग कार्यक्रम फोनवर कसा शोधायचा ते. कुठे दाबायचे, कुठे दाबायचे नाही, अगदी धबधब्याच्या रस्त्यासारखे सविस्तर. उशिराबद्दल क्षमा. आणि शेवटी, बुचे किती अंतरावर बांधायची ते तुमच्या वडिलांना विचाराल का, मला त्यांच्याकडून शिकायचे आहे.

मार्लिसने खिडकी थोडी उघडली होती. बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होते. वाचनालयासमोर टपालाची निळी पेटी आहे. वितळत्या बर्फातून सरांचे बूट तिच्यापर्यंत गेले, थांबले. मग पेटीचे झाकण करकरले आणि बंद झाले. आणि लगेच पुन्हा एकदा करकरले. पत्र नीट आत पडले की नाही, हे सरांनी वाकून पाहिले असणार.