कोणाशेजारी कोण

मित्रांनो, माझ्या एका काचेवर लांब ओरखडा आहे आणि कोपऱ्यांत क्षारांचे पांढरे डाग बसले आहेत. मी माशांची एक जुनी टाकी आहे. फार मोठी नाही. अभ्यासाच्या टेबलाचा एक कोपरा मला पुरतो.

माझा जन्म अजमानच्या एका कारखान्यात झाला. काचा सिलिकॉनने जोडल्या, पाणी भरून गळती तपासली आणि मी शारजात मोहिद्दीनभाईंच्या दुकानात आले. मोहिद्दीनभाई मूळचे श्रीवर्धनचे. ते २००९ साल होतं, मंदीचं. गावी परतणारी माणसं आपल्या टाक्या दुकानात आणून देत. नवी घ्यायला मात्र कोणी फिरकत नव्हतं. तरी मोहिद्दीनभाई मला रोज लख्ख पुसत.

एके दिवशी शारजातल्याच अल मजाज भागात राहणारे दत्तप्रसाद मला घरी घेऊन गेले. त्यांची लेक शुभ्रा. तिच्या शेजारची मैत्रीण सफा वडिलांची नोकरी गेल्यामुळे कायमची रत्नागिरीला गेली होती. तेव्हापासून शुभ्रा खाली खेळायला उतरतच नव्हती. मला पाहून तिच्या आईने, प्रमिलाताईंनी, कपाळाला हात लावला.

"अहो, तुमच्याच ऑफिसात उद्या कोणाला काढतील सांगता येत नाही, आणि हे कसलं लोढणं आणलंत?"

"आहोत तोवर घर घरासारखं ठेवू या की," दत्तप्रसाद म्हणाले.

काही आठवडे माझ्यात नुसतंच पाणी फिरत होतं. नव्या टाकीत घाईने मासे सोडले तर ते जगत नाहीत. तेवढा धीर बापलेकींनी धरला. पण दुकानात गेल्यावर शुभ्राचे डोळेच दिपले. "वन ऑफ ईच, बाबा!"

"ही मंडळी एकत्र नांदायची नाहीत हो," मोहिद्दीनभाई म्हणाले. पण लेक कितीतरी दिवसांनी हसली होती. दत्तप्रसादांना तिचं मन मोडवेना.

असे माझ्या पोटात एक गोल्डफिश, एक एंजल, एक पट्टेरी टायगर बार्ब आणि झुपकेदार शेपटीचा एक गप्पी आले. गोल्डफिशला माझं उबदार पाणी सोसेना. बार्ब तर गप्पीच्या शेपटीचे लचके तोडू लागला. बिचारा गप्पी फिल्टरमागे लपून बसला. मी पडले काच. मला मध्ये पडता येईना.

"आई, ही विल डाय!" शुभ्रा रडकुंडीला आली.

प्रमिलाताईंनी हातातली कणीक तशीच टाकली, हात धुतले आणि माझंच पाणी बरणीत घेऊन गप्पीला त्यात ठेवलं. मग त्या बराच वेळ बार्बकडे पाहत राहिल्या.

"हा काही दुष्ट नाही गं. थव्यात राहणारा मासा दिसतो. इथे त्याच्या जातीचं कोणीच नाही, म्हणून चिडतोय."

"लाइक मी," शुभ्रा हळूच म्हणाली.

प्रमिलाताईंनी तिला जवळ ओढलं. "चल, दुकानात जाऊ. पंगतीत कोणाशेजारी कोणाला बसवायचं, ते मला कळतं."

दुकानात काय झालं ते मी नंतर घरात इतक्यांदा ऐकलं की मला तोंडपाठ आहे. हा मोठा होऊन केवढा होणार? एकटा राहतो की थव्यात? वर पोहतो की तळाशी? पाणी ऊन लागतं की गार? स्वभावाने कसा? प्रमिलाताईंची चौकशी संपेना.

"वहिनी, स्थळ बघायला आलात की मासे?" मोहिद्दीनभाई हसू लागले. "पत्रिका पण काढू काय?"

"काढा की! आणि गप्पी फक्त नर द्या. मला बाळंतपणं करायला वेळ नाही."

गोल्डफिश, मोठा होऊन माझ्यात न मावणारा एंजल आणि बार्ब परत गेले. बार्ब दुकानातल्या आपल्या थव्यात शिरला आणि क्षणात ओळखूही येईना. माझ्याकडे निऑन टेट्रांचा छोटा थवा आला. तळाशी चरायला मिशाळ कोरी मासे आले. शेपटी भरून आल्यावर बरणीतला गप्पीही परतला, आपल्या जातभाईंच्या सोबतीला.

मग माझा थाट काय विचारता! इमारतीतली मुलं दारात गर्दी करत. मासे बघून झाले की "यल्ला शुभ्रा, खाली चल" म्हणत तिला ओढून नेत. दत्तप्रसादांचा पगार कापला गेला, पण नोकरी टिकली.

पुढे शुभ्रा कॉलेजला पुण्याला गेली. शेवटचा मासा म्हातारा होऊन गेला आणि मी बाल्कनीत कपड्यांचे चिमटे सांभाळत बसले. कोणी माझ्याकडे बघेना. मग एक दिवस प्रमिलाताईंनी मला साबण न लावता घासून धुतलं आणि अल कुसैसला भाचीकडे, अस्मिताकडे, पोहोचवलं. आता माझ्यात पुन्हा पाणी फिरतं आहे. तिची जुळी रोज विचारतात, "व्हेन आर द फिश कमिंग?"

मित्रांनो, थोडं थांबा. दुकानात दिसतो तो मासा अजून बाळ असतो. मोठा तो तुमच्या घरी व्हायचा असतो. त्याला जागा किती लागेल, सोबत कोणाची लागेल, ते आधी विचारा. पाणी थोडं थोडं बदला, खाऊ चिमटीनेच घाला. आणि काचेवर टकटक करू नका. नुसतं नाक टेकवून पाहत राहा. हळूहळू तेच तुम्हाला बघायला येतील.