दादाने दिलेलं नवंकोरं ऑफिस

माझ्या दादाला गिऱ्हाइकाला जुनी वस्तू द्यायची लाज वाटते. स्वतःच्या चष्म्याची काडी मोडली तर तो चिकटपट्टी लावून वर्षभर वापरेल, पण दुसऱ्याला जुनं द्यायचं म्हटलं की "आपण काय भंगारवाले आहोत का?" हे वाक्य ठरलेलं.

आमचा धंदा ऑफिसं आतून तयार करून द्यायचा. वडिलांनी सुरू केला, आता आम्ही दोघं भावंडं चालवतो. आराखडे मी काढते, कामगार आणि साइट तो बघतो. आणि या धंद्यात एक गोष्ट कुणी कुणाला विचारतच नाही. नव्या जागेत गेलं की पहिल्या दिवशी सगळं तोडायचं. काचेची भिंत धडधाकट उभी असो, छत आधीच्या भाडेकरूने परवाच लावलेलं असो, पहार घालायची, पोती भरायची आणि राडारोडा गावाबाहेर ओतून यायचा. मग त्याच जागी तशीच भिंत नवी उभी करायची. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. खरं सांगायचं तर ते बघून माझं डोकं फिरतं.

म्हणून विमा कंपनीचं काम आलं तेव्हा मी ठरवलं, या वेळी तोडायचं नाही.

तिथल्या मॅनेजरबाई खुर्चीत बसायच्या आतच म्हणाल्या, "हे बघा, झाडं, पृथ्वी, पुढची पिढी हे सगळं मला माझी मुलगी घरी रोज ऐकवते. तुम्ही मला धंद्याचं सांगा."

"धंद्याचंच सांगते. सगळं तोडून नवीन केलं तर मजला तीन आठवडे बंद. माणसं कुठेतरी भाड्याच्या जागेत बसवा. परत आणलीत की नव्या प्लायच्या आणि गोंदाच्या वासाने निम्मी डोकं धरून बसणार, उरलेली रजा टाकणार. त्यापेक्षा आहे तेच उघडू, धुऊ, जागा बदलून लावू. तुमच्या काचेच्या भिंती स्क्रूवर उभ्या आहेत. शुक्रवारी लोक घरी गेले की काढायच्या, सोमवारी लोक येतात तेव्हा नव्या जागी उभ्या. उद्या माणसं वाढली तर परत हलवा. दर वेळी तीच भिंत पुन्हा विकत का घेता?"

बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. "सोमवारी नाही झालं तर? नवीन योजनेचे फोन सोमवारपासून सुरू होतात. मी वरच्या साहेबांना शब्द देणार, म्हणजे ते माझ्या गळ्याशी येणार."

"नाही झालं तर वरच्या मजल्यांचं काम आम्हाला देऊ नका."

मी हे बोलून बसले खरी. हा मजला जमला तर कंपनीचे वरचे मजलेही आम्हालाच मिळणार होते, म्हणजे आमचं पुढचं सगळं वर्ष. शिवाय ते मिळाले तर आमच्याकडची कामं माझ्या पद्धतीने होणार, हे दादाने घरात सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. दादा शेजारी बसून मान डोलावत होता. लिफ्टमध्ये मात्र म्हणाला, "जुन्याच काचा? लोक काय म्हणतील गं?"

"लोक म्हणतील सोमवारी ऑफिस चालू होतं."

तो हसला. "बरं बाई, तू म्हणशील तसं."

शुक्रवारी संध्याकाळी मजला रिकामा झाला आणि आम्ही कामाला लागलो. प्रत्येक काचेवर, प्रत्येक चौकटीवर मी कागदी पट्टी चिकटवून लिहिलं, कुठून काढली आणि कुठे जाणार. कपाटं दणकट होती, त्यांना फक्त नवी दारं हवी होती. मिस्त्री आधी कुरकुरला, मग त्यालाही मजा यायला लागली. "ताई, हे म्हणजे खेळण्यातलं घर झालं," म्हणाला. मी त्या दिवशी खूप खूश होते. ते आठवलं की आता जास्तच चिडचिड होते.

शनिवारी सकाळी मी कपाटांची दारं आणायला कारखान्यात गेले आणि साइट दादावर सोपवली. परत आले तर लिफ्ट पोत्यांनी अडलेली. जिन्यातच धूळ. धाडधाड आवाज खालपर्यंत येत होता, आणि तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. दारं तिथेच टाकून मी धावत वर गेले.

मजला मोकळा होता. काचांचा ढीग एका कोपऱ्यात झाडून ठेवलेला, ॲल्युमिनियमच्या चौकटी वाकवून बांधलेल्या, कपाटांच्या आणि टेबलांच्या फळ्या फळ्या झालेल्या. काही तुकड्यांवर माझ्या पट्ट्या तशाच होत्या, माझ्या अक्षरात. भिंतीला टेकून नव्याकोऱ्या बोर्डांची थप्पी लागली होती आणि बाजूला गोंदाचे डबे.

आणि त्या सगळ्याच्या मधोमध दादा, तोंडावर रुमाल, डोळ्यांत आनंद. "ये ये! बघ, कसा साफ केला मजला!"

"हे काय केलंस?"

"नवीन देतोय त्यांना. सगळं नवंकोरं. आणि त्यांच्याकडून एक पैसा जास्त घ्यायचा नाही, वरचा खर्च माझ्या खिशातून! तुला वरचे मजले हवेत ना? मग गिऱ्हाईक असं खूश करायचं."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मिस्त्रीकडे वळले. तो खाली बघत म्हणाला, "मी म्हटलं ताईंना विचारू या. साहेब म्हणाले, बोलायचं नाही, ताईंना सरप्राइज आहे."

सरप्राइज! मी किती ओरडले ते सांगत नाही. कामगार खाली निघून गेले एवढं सांगते. दादा मात्र खराखुरा गोंधळला होता. "अगं, मी काय चोरी केली का? पदरचं घालतोय मी!" त्याला वाटत होतं मी पैशांसाठी चिडले.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "जाऊ दे गं, प्रेमाने केलं त्याने."

प्रेमाने! आमच्या घरात पुरुषाने माती खाल्ली की ती प्रेमाने खाल्लेली असते, आणि बाईने तोंड उघडलं की तिचा स्वभाव तापट. मी वहिनीला हेच ऐकवलं आणि फोन ठेवला. तिचा काही दोष नव्हता, पण मला तेव्हा कुणाचीच गय करायची नव्हती.

रविवारभर आम्ही मरमर मेलो. छताचे निम्मे तुकडे तेवढे वाचले. बाकी बोर्ड उभे राहिले, पण गोंद कुणाच्या ओरडण्याने वाळत नाही.

सोमवारी माणसं आली. दारातूनच नाकाला रुमाल लागले. एकीला खोकल्याची अशी उबळ आली की तिला खाली मोकळ्या हवेत नेऊन बसवावं लागलं. टेबलंच नव्हती, त्यामुळे फोन जमिनीवर वाजत होते आणि माणसं डबे, पिशव्या घेऊन जिन्यात उभी होती. त्यात मॅनेजरबाई आल्या. मी काही बोलायच्या आत दादा पुढे झाला. "बाई, एकही जुनी फळी ठेवली नाही! सगळं नवीन, आणि बिल तेवढंच!"

बाईंनी वाजणाऱ्या फोनांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी नवीन मागितलं होतं?"

दादा मागे सरकून भिंतीला टेकला. जन्मात पहिल्यांदा मी त्याला असं पाहिलं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी बाईंनी मला एकटीला बोलावलं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. "कुणामुळे झालं ते मला ऐकायचं नाही. वर सगळे म्हणतायत, बघा, जुनं वापरायला गेली आणि तोंडघशी पडली. जुनं वापरलंच कुठे, हे ऐकायला कुणाला वेळ नाही. आता मला एक मजला सोमवारी चालू झालेला दाखवायलाच हवा. वरचा देते. पण साइट कुणाच्या ताब्यात असेल, ते एक नाव मला उद्या लेखी पाहिजे. एकच नाव."

मी आमच्या ऑफिसात येऊन कागद घेतला. दादा समोर येऊन बसला. सकाळपासून त्याचा चेहरा उतरला होता. मी काय करतेय ते त्याला विचारावं लागलं नाही.

"माझं नाव नाही लिहिणार?"

"नाही."

"आणि मी काय करू?"

"माल बघ. गाड्या बघ. साइटवर यायचं नाही."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "जगाला सांगत फिरतेस, जुनं टाकू नका. आणि घरचा जुना माणूस आधी टाकतेस."

हे मला लागलं. लागणारच. हातोडा कसा धरायचा ते याच माणसाने मला शिकवलं होतं, आणि वडील गेल्यावर माझ्या शिक्षणाचा भार यानेच उचलला. पेन माझ्या हातात तसंच राहिलं. वाटलं, दोघांची नावं लिहावीत, बाईंना काहीतरी समजावून सांगावं.

"दादा, एक सांग," मी म्हटलं. "शनिवारी तोडायच्या आधी मला विचारलं का नाहीस? खरं सांग. सरप्राइज वगैरे नको."

त्याने विचारसुद्धा केला नाही. "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिली पहार घालतानाही त्याला माहीत होतं.

मी माझं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्याच्याच हातात दिला. "उद्या सकाळी बाईंकडे तू नेऊन दे," मी म्हटलं.