चौकट मागे राहिली

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दमलोय फार, म्हणून बांबूला टेकूनच बोलतो, राग मानू नका. दरवाजानं ताठ उभं राहावं हे खरं. पण त्याला चौकट लागते, आणि माझी चौकट मागेच राहिली.

मला घडवलं एका सुतारानं, स्वतःच्या घरासाठी. जन्मभर त्यानं लोकांना दारं करून दिली आणि आपल्या घराला मात्र पत्र्याचा तुकडा लावला. "गावाला दारं आणि आपल्याला वारं!" असं म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे माझा मुहूर्त लागला. पण मग त्यानं जीव ओतला हो. जाड, एकसंध लाकूड, तीन बिजागऱ्या, अंगावर लोखंडी कडी आणि ती अडकवायला चौकटीवर कोयंडा. येणारा-जाणारा माझ्यावरून हात फिरवायचा. मी जरा फुगलोही होतो.

निजताना आई अंथरुणातून विचारायची, "कडी लावली का रे?" कडी कोयंड्यात पडायची, खट्. "लावली गं आई." की झोपलं घर.

मग दोन गटांची लढाई आमच्या गल्लीपर्यंत आली. सगळे पळाले. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, तिला पाऊल टाकता येईना. सुतारानं मला बिजागऱ्यांवरून उचकटलं, आईला माझ्यावर निजवलं, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला त्याची बायको, असे आम्ही निघालो. वाटेत एकजण म्हणाला, "लोक दागदागिने घेऊन पळतात, हा दार घेऊन निघालाय!" दार असून मी दारोदार फिरलो, मित्रांनो. हसा खुशाल. मलाही हसू आलं असतं, पण पाठीवर म्हातारी होती.

आम्ही थांबलो ते दुसऱ्या शहराच्या कडेला, एका मोकळ्या मैदानात. देश तोच, भाषा तीच, खिशातलं नाणंही तेच. तरी आम्ही 'बाहेरचे'. सीमा ओलांडली असती तर निर्वासित म्हणून कुणीतरी विचारलं असतं. आपल्याच देशात हरवलेल्याला कोण विचारणार? सुतारानं बांबू रोवले, प्लास्टिकचा कागद ताणला आणि मला तारेनं पुढे बांधलं. तिन्ही बाजूंना कागद फडफडतोय आणि पुढे मी, ऐटदार दरवाजा! लाज वाटायची.

रात्री सुतार राखण करत बसून राहायचा. आई मात्र जुन्या सवयीनं विचारायचीच, "कडी लावली का रे?" कोयंडा कुठला? सुतार कडी माझ्या अंगावरच आपटायचा, खट्. "लावली गं आई." एकदा असं बोलला, की मगच तो आडवा व्हायचा.

पुढे ते मैदान रिकामं करायचं ठरलं. पण एक नवा कायदा आला होता. आपल्याच देशात ज्याला घर सोडून पळावं लागलं, त्याला दुसरी जागा दिल्याशिवाय आसऱ्यातून हलवायचं नाही, असा. पाहणीला साहेब आले. त्यांनी मला ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "पक्कं दार, कडी. म्हणजे यांनी घर थाटलंय. हे विस्थापित नाहीत."

"अहो साहेब, जरा बाजूनं तरी बघा!" सुताराची बायको म्हणाली आणि कागदाच्या फटीतून तिनं कोपरापर्यंत हात आत घालून दाखवला. साहेब पुढच्या झोपडीपाशी पोचले होते. आठवड्यात जागा सोडा, असं सांगून गेले.

जिला मी पाठीवर आणलं, तिलाच आता माझ्यामुळे रस्त्यावर झोपावं लागणार होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वस्तीत एक वकीलबाई यायच्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच घेऊन चला कोर्टात." आईची साक्ष होती, तेव्हा तिला पुन्हा माझ्यावर निजवलं आणि निघाली वरात. कोर्टाच्या पायरीवर शिपाई ओरडला, "बाई, साक्षीदार आणा म्हटलं होतं, नुसतं दार नव्हे!"

सरकारी वकील पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सगळं कायद्याच्या चौकटीतच झालंय." चौकट म्हटल्यावर मी कान टवकारले. वाटलं, मिळणार वाटतं! पण ती नुसती बोलायची चौकट निघाली.

न्यायाधीश म्हणाले, "कडी लावून दाखवा."

सुतारानं मला उभं धरलं आणि कडी उचलली. ती त्याच्या हातात तशीच राहिली. खाली मान घालून तो म्हणाला, "कोयंडा तिकडंच राहिला, साहेब. चौकटीवर. मी नुसता आवाज करतो. आईला झोप लागावी म्हणून."

बाकावरून आई बोलली, "मला काय ठाऊक नव्हतं होय रे? आवाज केल्याशिवाय तू पाठ टेकत नव्हतास. म्हणून विचारायची."

सुतार माझ्याआड तोंड लपवून रडला. त्याचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता. मला बापड्याला रडता येत नाही.

निकाल लागला. जे आतून बंद होत नाही त्याला घर म्हणता येत नाही. हे कुटुंब विस्थापितच आहे, जागा दिल्याशिवाय यांना हलवू नका. आम्ही परत मैदानात आलो. आता कुणी उठवत नाही, एवढं खरं. जागा मात्र अजून मिळायचीय, आणि माझी खालची कड कुजायला लागलीय.

मित्रांनो, तुमच्या गावात असं कुणी दार घेऊन आलं, तर दार बघून निघून जाऊ नका. कोयंडा आहे का, तेवढं वाकून बघा.

आई अजून रोज विचारते, "कडी लावली का रे?"

सुतार आता आवाज करत नाही. "नाही गं आई. अजून लागत नाही."

"बरं," ती म्हणते. "तू नीज. आज मी जागी आहे."