सहाव्या सेमिस्टरमधले बाबा

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक पदवी टाचण्यांनी लावलेली आहे. मिळालेली नव्हे, मिळवायची. प्रत्येक सेमिस्टरचा एक उभा रकाना, त्यात रंगीत कागद, आणि कुठला विषय झाल्याशिवाय कुठला घेता येत नाही ते दाखवणारे दोरे. माझ्या लेकीनं ती स्वतः आखलीय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे आपणच शिवायचं, आपणच घालायचं, आणि आपणच म्हणायचं, काय छान बसलंय!" ती हसली नाही. ह्यांना मात्र हसू आवरेना. ह्यांचं हसणं तेवढं शाबूत राहिलं होतं.

मागचं सांगते. लेक सॉफ्टवेअर कंपनीत होती. मोठी जागा, मोठा पगार, आणि फोन कायम उशाशी. कुठं काही बंद पडलं की तो बोंबलायचा आणि ही लॅपटॉप उघडायची. एक दिवस बॅग घेऊन घरी आली ती परत गेलीच नाही. आमचं कपडे धुण्याचं मशीन धुणं संपलं की पीं-पीं करतं. तेवढ्यानं पोरगी दचकून उठायची आणि रडायला लागायची. चाळिशीला आलेली बाई! मी त्या मशीनवर उशा बांधल्या. वाटलं, महिन्याभरात येईल ताळ्यावर. कसचं काय.

तिला बोलतं केलं ते ह्यांनी. ह्यांचं सलून होतं. जन्मभर लोकांचे केस कापले आणि त्यांच्या डोक्यावर बडबड केली. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की लगेच "बरं का" म्हणून सुरुवात. मग गोष्ट. त्यात खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. दुकान बंद केल्यावर गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून लेकीला खुर्चीत बसवायचे. "या साहेब, बसा." ती लहानपणापासून साहेब. हे कात्री चालवत गोष्ट सांगायचे, ती डोळे मिटून ऐकायची. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि मनात म्हणायची, येतेय बाई पोरगी माणसांत.

आणि ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. अगदी सगळी नाही. "बरं का" तेवढं राहिलं. भूक लागली, बरं का. पंखा लाव, बरं का. तोंड उघडायचे, डोळ्यांत अख्खी गोष्ट दिसायची, आणि पुढं काहीच नाही. जुन्या स्कूटरसारखं, सुरू झाल्यासारखं वाटायचं आणि तिथंच बंद.

त्यानंतर लेकीनं हे कॉलेज शोधलं. वेगवेगळ्या विभागांतले विषय आपण निवडायचे, पदवीला नाव आपणच द्यायचं, आणि तीन प्राध्यापकांना ते पटवायचं. तिनं नाव दिलं ‘तुटलेलं बोलणं’. घसा, जीभ, मेंदू, भाषा, संगीत, सगळं त्यात गोळा केलं. कितीतरी दिवसांनी पोरीच्या तोंडावर तेज आलं. मी म्हटलं, शीक बाई, म्हातारी होईपर्यंत शीक.

मग एकदा चष्मा लावून मी ती भिंत नीट वाचली. सहाव्या रकान्यात पिवळा कागद होता. ‘बाबांबरोबर बोलणं’.

"अगं, सहाव्या सेमिस्टरला? म्हणजे तीन वर्षांनी?"

"अडीच, आई."

पदवी मंजूर करून घ्यायच्या दिवशी मीही बरोबर गेले. मोठ्या इमारतीत एकटीनं शिरायला तिला अजून जमत नव्हतं. आत तीन प्राध्यापक होते. लेकीनं भिंतीवरची आखणी उतरवून आणली होती, ती त्यांच्यासमोर टेबलावर पसरली. त्यांतल्या एक, पांढऱ्या केसांच्या, वाचा गेलेल्या माणसांना बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी बरोबर त्याच कागदावर बोट ठेवलं. "वडील इतक्या उशिरा का?"

लेक म्हणाली, "आमच्या धंद्यात अर्धवट वस्तू लोकांच्या गळ्यात मारायची आणि चुका मग त्यांच्या जिवावर शोधायच्या. मी वर्षानुवर्षं तेच केलं. बाबांवर नाही करणार. पूर्ण शिकेन, मगच त्यांच्यासमोर बसेन."

बाई म्हणाल्या, "पदवी तुझी आहे. कागद टाचणीनंच लावलाय ना? कधीही हलव."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हलव की गं." ती म्हणाली, "आई, प्लीज." मोडलेलं पोर नुकतं उभं राहत होतं, धक्का कोण देणार?

पोरगी वडिलांचं सगळं करायची, खोटं कशाला बोलू. औषध द्यायची, पाय चेपायची, कपाळाचा मुका घ्यायची. बोलायला तेवढी बसायची नाही. मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून अभ्यास. हे चाकाची खुर्ची डाव्या हातानं रेटत तिच्या दारापर्यंत जायचे. "बरं का?" ती एक कान मोकळा करायची. "थोडं थांबा हं बाबा." हे मान हलवायचे आणि तिथंच बसून राहायचे. हळूहळू तिचं जेवण उभ्यानं व्हायला लागलं, झोप उडाली. कंपनी सुटली होती, पण मुकादम घरातच राहायला आला होता.

तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा आल्या. एका सकाळी बघते तर हे खिडकीपाशी डाव्या हातानं कात्री उघडतायत, मिटतायत. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. खांद्यावर टॉवेल टाकला आणि गेले लेकीच्या दारात. "बरं का!" त्या दिवशी त्यात काय होतं ते दाराच्या चौकटीलाही कळलं असतं. तिचे केस वाढून खांद्याखाली आले होते.

"रविवारी, बाबा. नक्की," ती म्हणाली. "उद्या जिभेचा पेपर आहे. आणि डाव्या हाताला जपून हं, कान जाईल माझा."

हे खदखदून हसले. टॉवेल तिच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवला, रविवारसाठी.

दुसऱ्या दिवशी ती पेपरला गेली. जिभेचे सगळे स्नायू तिला पाठ होते. परत आली तेव्हा आमच्या दारात शेजारी उभे होते.

मला तिला झोडपून काढावंसं वाटलं. उराशी धरावंसंही वाटलं. माझ्याच्यानं दोन्हीतलं एकही झालं नाही. माझा माणूस गेला होता, आणि ह्या घरात आता "बरं का" म्हणायलाही कुणी नव्हतं. पुढं त्या पांढऱ्या केसांच्या बाईंचा फोन आला. आखणीत काही बदल करायचाय का, त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, "नको." फोन ठेवला आणि भिंतीखाली जमिनीवर बसली. पुढचे कितीतरी दिवस तिथंच. मशीनवरच्या उशा मी कधीच्या काढल्या होत्या. ते पीं-पीं करायचं आणि ती पापणीही हलवायची नाही. रडायची तेव्हा परवडली होती. हिला आता काही म्हणजे काही ऐकू जात नाही, ह्याची मला भीती वाटायची.

परवा रविवारी मी भाजी निवडत होते. ती आली, स्टूल ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. हातात ह्यांची कात्री, आणि कडीवरचा टॉवेल.

"आई, केस काप."

"मला कुठं येतं? वाकडंतिकडं होईल. अर्धवट होईल सगळं."

"होऊ दे अर्धवट," ती म्हणाली. "काप."

मी हात पुसले. टॉवेल तिच्या गळ्याभोवती बांधला, गाठ मारली, आणि तिथंच अडले. इथं बोलायचं असतं. तिनं डोळे मिटून घेतले होते. जन्मभर ह्यांच्या गोष्टी कानावर पडल्या, आणि मी आपली "पुरे झालं आता, जेवायला चला" म्हणत राहिले. एक तरी आठवावी ना!

"बरं का," मी म्हटलं.

पुढं काही येईना. तिचे खांदे गदगदायला लागले. मी केसांची एक बट बोटांत धरली, पुन्हा म्हटलं "बरं का," आणि कात्री चालवली.