चार नंबरच्या फलाटामागे

“हय उबी रवा नको, बाय. ही जागा बरी नाय.” देवकीने झाडू आडवा धरला.

हर्षा दचकून मागे झाली. बसस्टँडच्या सुरक्षेची पाहणी करायला ती पणजीहून आली होती. दिवे, कॅमेरे, आग विझवायची नळकांडी, यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे तिने ‘ठीक’ लिहून टाकले होते. चार नंबरच्या फलाटामागचा हा कोपरा तेवढा राहिला होता.

“इथे अपघाताची नोंद नाही, मावशी.”

“नोंद खयसून आसतली? पार्शे गावची पद्मावती, हय फुला विकायची. बस मागे घेताना तिचो पाय चाकाखाली गेलो, तेवां तिका रिक्षात घालून न्हेली. कागद कोणी करूक नाय. ती परत इली नाय.”

वाहतूक नियंत्रक साईश लगबगीने आला. “देवकीबाय, तुमचां काम झाडूचां. मोजमाप ह्या करतीत.”

“झाडूचांच सांगतंय,” देवकी शांतपणे म्हणाली. “खय रगात धुतलंय, तां माका म्हायत आसा.”

साईश बाजूला सरकला. एकोणीस वर्षे ती हा स्टँड झाडत होती, आणि त्याला इथे येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.

देवकीने उभ्या असलेल्या बसच्या ड्रायव्हरला हाक मारली. “सिद्धेश, गाडी बंदच ठेव. सीटवर बसान आरशात बघ.” मग ती बसच्या मागे निघून गेली.

“कोण दिसतंय?” हर्षाने विचारले.

सिद्धेशने दोन्ही आरसे पाहिले. “कोण नाय.”

“देवकीमावशी?”

“नळार गेली आसतली.”

हर्षा स्वतः त्याच्या सीटवर चढून बसली. उजवा आरसा, डावा आरसा. मोकळी फरशी, एक कुत्रा. ती खाली उतरून मागे गेली, तर बसपासून दोन पावलांवर देवकी वाकून केर भरत होती.

हर्षाने आधीचे पान फाडले आणि नवे घेतले. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात वाहतूक नियंत्रकाचे नाव लिहायची पद्धत होती. तिने देवकीचे पूर्ण नाव विचारले.

अडीच महिन्यांनी तिथे लोखंडी कठडा बसला. बस मागे घेणे बंद झाले, उतारू पलीकडच्या बाजूला उतरू लागले. पहिल्याच सकाळी सावंतवाडीच्या गाडीतून उतरलेले एक म्हातारे गृहस्थ वैतागले. “कोणाच्या डोक्यातसून ह्यां इलां? केदो वळसो!”

“चला,” देवकी म्हणाली. तिने त्यांची पिशवी घेतली आणि त्यांच्या चालीने, कठड्याच्या कडेकडेने चालू लागली.